सहीचा वाटा

४ ऑगस्ट

पोचले एकदाची! बसमध्ये इतका वेळ अवघडून बसले होते की उतरताना पायांना मुंग्या आल्या आणि नव्या गावात पहिलं पाऊल मी लंगडत टाकलं. फॅक्टरीचा टेम्पो न्यायला आला होता. टेम्पोवाल्या काकांनी माझी बॅग उचलली, मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, तपासनीस मॅडम मागच्या बसने येणार का? मीच ती, म्हटल्यावर ते इतके हसले की मलाही हसू आवरेना. म्हणाले, आमची धाकटी तुमच्यापेक्षा थोराड दिसते.

राहायची सोय फॅक्टरीनेच केली आहे. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर घर. खाली मालकीणबाई आणि त्यांची मुलगी, वर माझी खोली. मालकीणबाई फॅक्टरीतच मासे कापण्याच्या खात्यात आहेत. सगळे त्यांना मावशी म्हणतात. पहिला चहा संपायच्या आत मीही म्हणू लागले. खोली लख्ख आहे. पलंगाशेजारच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर लोखंडी दांडी ठोकलेली आहे, आणि आरसा इतका खाली की बसूनच भांग पाडायचा. आधीच्या मॅडमना तसं सोयीचं पडायचं म्हणे. त्या आजारी पडून आपल्या गावी गेल्या.

बाबांची आठवण येते आहे. आमच्या घरातून आजवर ज्या ज्या कागदावर काही उमटलं, तो बाबांचा अंगठा होता. ताईने शाळा सोडून शिलाई मशीन धरलं म्हणून मी कॉलेज पाहिलं. निकाल लागला त्या दिवशी बाबांनी मला समोर बसवून सही गिरवायला लावली, शेवटच्या लपेट्यासकट. म्हणाले, आपल्या घराण्यातली ही पहिली सही, वाकडी येऊ देऊ नकोस.

नाही येऊ देणार, बाबा. माझं कामच सही करण्याचं आहे.

९ ऑगस्ट

लॅब लहान आहे, पण यंत्र नवं कोरं. माझं काम माशातला पारा मोजण्याचं. पारा समुद्रात कुठून कुठून येऊन मिसळतो. बारीक जीव तो खातात, त्यांना लहान मासे खातात, लहानांना मोठे, आणि जो सर्वांत जास्त जगतो त्याच्या अंगात सगळ्यांचा पारा येऊन बसतो. तो धुतल्याने जात नाही, तळल्याने जात नाही. वास नाही, चव नाही. इथे मुख्यतः ट्यूना येतो. त्यातल्या म्हाताऱ्या, अजस्र माशांना कापणाऱ्या बायका ‘आजोबा’ म्हणतात. क्रेनवरून एखादा उतरला की एकमेकींना ओरडतात, आजोबा आले गं, पदर घे!

पद्धत अशी: लॉटमधले चार मासे निवडायचे, चौघांचे तुकडे एकत्र वाटायचे आणि त्या लगद्यातला पारा मोजायचा. आकडा एकच्या, म्हणजे किलोमागे एक मिलिग्रॅमच्या, आत आला की लॉट पास. माझ्या सहीचा दाखला विक्रीच्या काउंटरवर टांगतात, आणि तीच सही माशाच्या बंद डब्यांवरच्या कागदावर छापतात! मी डब्यावर! फॅक्टरीचे साहेब म्हणाले, लोक मासा बघत नाहीत, तुमची सही बघतात. माणूस हसतमुख आहे. स्वतः मात्र मासे खात नाहीत. डॉक्टरांनी मना केलं आहे म्हणे.

आणखी एक गंमत. इथे जुन्या मालकांनी घातलेला एक पायंडा आहे, त्याला ‘सहीचा वाटा’ म्हणतात. लॉट पास झाला की त्यातल्या सर्वांत मोठ्या माशाच्या पोटाकडचा जाडजूड तुकडा सही करणाऱ्यासाठी काढतात. आज माझा पहिला वाटा निघाला. मावशींनीच सुरी चालवली, बायकांनी टाळ्या पिटल्या, एकीने शिट्टी मारली. मावशींनी तो फडक्यात बांधून घरी आणला आणि असा काही तळला की मी बोटं चाटत बसले. त्या स्वतः खात नाहीत. दिवसभर कापून कापून वासानेच पोट भरतं म्हणतात. समोर बसून मी खाताना बघत राहतात. अगदी आईसारखं.

२१ ऑगस्ट

मावशींच्या मुलीला आज पहिल्यांदा पाहिलं. एरवी ती मागच्या खोलीत असते आणि तिथे कुणी जायचं नाही, अनोळखी माणसाला ती घाबरते. आज मावशींनी तिला ओट्याशी खुर्चीत बसवलं होतं. विशीची असेल. मनगटं आत वळलेली, मान एका बाजूला, नजर भलतीकडेच. मावशी तिला राणी म्हणतात. तिचा चमचा पाहिला: दांड्याला पांढऱ्या चिंधीचं जाड वेटोळं, म्हणजे मुठीतून निसटत नाही. भिंतीवर खिळ्यांना तसेच आणखी दोन टांगले आहेत, एक लाल चिंधीचा, एक हिरव्या. केवढी हौस! मी म्हटलं, राणीसाहेबांचे चमचेही रंगीत! मावशी हसल्या नाहीत.

माझ्या वाट्याचा मासा तव्यावर होता. मावशींनी अचानक विचारलं, हा राणीला भरवू का? मला काय कळतंय, मला तर वाचताही येत नाही. तू शिकलेली आहेस, तू सांग.

मला भरून आलं. एवढ्या जुन्या कामकरी बाईने मला विचारावं! मी म्हटलं, बिनधास्त भरवा मावशी, माझी सही आहे.

मावशींनी तव्यावरचा तुकडा उलटला. मग तो तुकडा माझ्याच ताटात आला. राणीने वरणभात खाल्ला.

१४ सप्टेंबर

बस्तान चांगलं बसलं. सकाळी धक्क्यावरून चालत जाते. एक नवल लक्षात आलं. एवढा मासळीचा धक्का, पण एक मांजर नाही. टेम्पोवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, पूर्वी होती ढीगभर. वेड्यासारखी गिरक्या घ्यायची आणि पाण्यात पडायची. आता कुणी पाळत नाही.

रविवारी मावशी माझ्या केसांना तेल लावून देतात. कमरेपर्यंत केस म्हणजे त्यांना कौतुक. फणीत आलेला गुंतासुद्धा टाकत नाहीत, बोटाला गुंडाळून ठेवतात. भुकेचंही कौतुक. मी खाते आहे की नाही एवढंच त्या विचारतात. राणीला मात्र रोज दोन ताटं नेतात. पोरगी खादाड आहे म्हणे.

२७ ऑक्टोबर

ताईला दिवस गेलेत!! लग्नाला इतकी वर्षं झाली, सासरच्यांचं काय काय ऐकून घेतलं तिने, आणि आज फोनवर मला म्हणते, अगं, तू मावशी होणार. मी लॅबमध्ये स्टुलावर उभी राहून ओरडले. साहेबांनी डब्यांचा अख्खा खोका भेट दिला. ताईने माझ्यासाठी शाळा सोडली; तिच्या बाळाला माझ्या सहीचं खाणं मिळणार.

मावशींनी खोका स्वतः कापडात शिवून दिला. सुईत दोरा ओवताना विचारत होत्या, कितवा महिना? तिसरा म्हटल्यावर म्हणाल्या, हेच दिवस महत्त्वाचे. मी म्हटलं, हो ना, मेंदू घडत असतो. त्या म्हणाल्या, हो, मलाही असंच सांगितलं होतं एकीने.

५ नोव्हेंबर

ताई माहेरी आली आहे. तिला मासळीचा वासच सहन होत नाही म्हणे. डबे फळीवर ओळीने मांडलेत. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सही दाखवतात.

१८ नोव्हेंबर

आज मनाला एक गोष्ट लागली आहे, लिहून मोकळी होते. सकाळच्या लॉटमध्ये तीन लहान मासे होते आणि एक आजोबा. सहज उत्सुकता म्हणून आजोबांचा तुकडा मी वेगळा मोजला. आकडा तीनच्या वर. पुन्हा मोजला. तोच. तीन लहानांत तो वाटला गेला की एकच्या आत येतो आणि लॉट पास. पण माणसं लगदा खात नाहीत. कुणाच्या तरी ताटात एकट्या आजोबांचा तुकडा पडतो.

साहेबांकडे गेले. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. म्हणाले, सरासरी हे शास्त्रच आहे की नाही? नियमात बसतं की नाही? तुम्ही हुशार आहात, पण हुशारीने शेकडो चुली विझतात. पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करायचं पत्र निघतं आहे, घरी कळवलंत का? मी घरी कळवलं होतं.

मी सही केली. लपेटा नीट आला.

संध्याकाळी मावशींनी तव्यावरून मान न वळवता विचारलं, आज राणीला देऊ का गं यातलं? अगदी पहिल्यासारखंच. नको म्हणणार होते. पण नको म्हणायचं म्हणजे माझी सही मीच खोटी ठरवायची, आणि उद्या मावशींनी ते कापणाऱ्या बायकांत सांगितलं तर? मी म्हटलं, द्या की. काही होत नाही.

आवाज माझा मलाच बारीक वाटला. मावशींनी तुकडा माझ्या ताटात वाढला. त्या बघत होत्या. मी सगळा खाल्ला.

६ डिसेंबर

ओठांभोवती बधिरपणा आहे, दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर असतो तसा. सकाळी ब्लाउजचं बटण लावताना बोटांना बटण लागेचना. थंडी असेल. मावशींनी लावून दिलं. आज पुन्हा वाटा होता.

१९ डिसेंबर

फॅक्टरीच्या डॉक्टरांना दाखवलं. कामाचा ताण, अशक्तपणा म्हणाले. पौष्टिक खा. मासे खाता ना? मग उत्तमच.

जिन्यात दोनदा तोल गेला. आता मला कळलं भिंतीवरची ती दांडी काय कामाची आहे. आणि आरसा इतका खाली का आहे.

आज ओट्यापाशी चौथा चमचा दिसला. निळ्या चिंधीचा. ती चिंधी माझ्या ओढणीची आहे. फाटली म्हणून मी टाकून दिली होती ती.

विचारलं. मावशी म्हणाल्या, असू दे, लागेल.

७ जानेवारी

यंत्र बरोबर चालतंय का हे तपासायला माणसाचा केस चालतो. केस महिन्याला बोटाच्या पेराच्या निम्म्याने वाढतो आणि त्या त्या महिन्यात रक्तात जे असेल ते त्यात अडकून राहतं. माझीच एक बट मुळापासून कापली आणि टोकापासून मुळापर्यंत तुकडे करून मोजत गेले.

टोकाकडे काहीच नाही. कॉलेजची वर्षं स्वच्छ. आईच्या हातचं जेवण स्वच्छ. मग डोक्याजवळच्या तुकड्यांत, ऑगस्टमध्ये मी इथे आले तिथून, आकडा चढायला लागतो. जिन्यासारखा. शेवटचा तुकडा, मुळापाशी — यंत्र बिघडलं असं वाटलं. शुद्ध नमुना घालून पाहिला. यंत्र बरोबर आहे.

दर वाटा, दर घास. माझ्या सहीचा.

आज सही केली नाही. साहेबांना म्हटलं, उद्या. जीभ जड होती, दोनदा म्हणावं लागलं.

८ जानेवारी

मावशींना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. निवडता निवडताच सांगितलं, आवाज न चढवता. हात चालतो तोवर जसंच्या तसं लिहून ठेवते.

राणी पोटात होती. काउंटरवर दाखला टांगलेला होता, पण त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून त्या सही करणाऱ्या बाईंकडे गेल्या, पोटावर हात ठेवून विचारलं, खाऊ का? बाई म्हणाल्या, बिनधास्त खा, माझी सही आहे, बाळाचा मेंदू तल्लख होईल. कापणाऱ्या बायकांना डोकी फुकट मिळायची. आजोबांची. मावशी रोज खायच्या, पोरीसाठी, जात नसलं तरी ढकलायच्या. राणी झाली. नवरा पोरीचं तोंड बघून गेला तो गेलाच.

त्या पुन्हा बाईंकडे गेल्या, राणीला कडेवर घेऊन. बाई म्हणाल्या, आकडा नियमात होता.

तेव्हापासून, मावशी म्हणाल्या, सही करणारीला घर मी देते. वाटा मी कापते. मी तळते.

मी ओरडले की तुम्ही विष घातलंत. त्यांनी भाजीची जुडी खाली ठेवली. म्हणाल्या, माझ्या राणीची शपथ, तुझ्या ताटात मी मिठाखेरीज काही घातलं नाही. जे तू जगाला चांगलं म्हणालीस, तेच तुला वाढलं. दोनदा विचारलं तुला. दोनदा! एकदा जरी म्हणाली असतीस, नको मावशी, पोरीला नका देऊ, तर तो तुकडा तिथल्या तिथे समुद्रात भिरकावला असता, आणि तुला माझ्या पोरीच्या ताटातला वरणभात वाढला असता. पहिल्यांदा तुला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा तुझा आवाज कापला. मी ऐकला.

मी म्हटलं, मग साहेबांना का नाही? त्या म्हणाल्या, साहेबाच्या तोंडापर्यंत माझा हात पोचत नाही. सही करणारीच्या तोंडापर्यंत पोचतो.

राग कुणाचा यावा? त्यांचा आला. मग माझा. साहेबांचा इतका आला की दात वाजायला लागले. किंवा ते आता आपोआपच वाजतात.

उद्या पहाटेच्या बसने निघते आहे.

९ जानेवारी

जिन्यावरून पडले. पाय गेला कुठे तेच कळलं नाही, पायरी होती तिथे नव्हती. मावशींनी उचलून आणलं. माझं वजन काहीच नाही म्हणाल्या.

१२ जानेवारी

ताईला फोन लावला. तिची मळमळ गेली आहे. भूक सुटली आहे म्हणाली, आज डबा फोडणार होते तुझा. मी म्हटलं, नको, ताई, डबे फेक, सगळे फेक. माझ्या तोंडातून जे निघालं ते मी ऐकलं. ते शब्द नव्हते. ओल्या कापडात कोंबल्यासारखा आवाज. ताई म्हणाली, रडते आहेस का गं? नीट बोल, ऐकू येत नाही.

मावशींनी हळूच फोन घेतला. म्हणाल्या, ताप आहे हो तिला, बडबडते आहे. तुमचीच आठवण काढते. डबे खा म्हणते, बाळासाठी.

मी हात मारला. हात भलतीकडेच गेला.

मी विचारलं, तिने तुमचं काय वाकडं केलं? तीनदा विचारलं तेव्हा त्यांना कळलं. म्हणाल्या, माझ्या राणीने कुणाचं केलं होतं?

१७ जानेवारी

फोन स्वयंपाकघरात असतो. एकदा हाती लागला होता. बोटं काचेवर पडत नाहीत. आणि दिसतं ते नळीतून पाहिल्यासारखं, मधलं तेवढं. कडेचं जग गेलं.

पेनलाही निळी चिंधी गुंडाळून दिली आहे मावशींनी. लिही म्हणतात, मन रमेल. त्यांना वाचता येत नाही. पण ताईला येतं.

टेम्पोवाले काका भेटायला आले. मी त्यांची बाही धरली, सोडेना. त्यांनी डोळे पुसले. मावशींना म्हणाले, पोटच्या पोरीसारखं करता हो तुम्ही.

२४ जानेवारी

मागच्या खोलीत आणलं मला. जिना जमत नाही म्हणून.

इथे तीन खाटा आहेत. एकीवर राणी. एक माझी. आणि तिसरीवर —

दोन ताटं. दोन ताटं का, ते कळलं.

आधीच्या मॅडम. गावी गेल्याच नाहीत. नजर छतावर. हिरवा चमचा. मावशी त्यांचं अंग पुसतात, केस विंचरतात, पाठीला फोड येऊ देत नाहीत. वेणीचा शेवट हिरव्या चिंधीने बांधलेला. लाल चमचा कुणाचा, ते मी विचारलं नाही. मावशींनीच सांगितलं. माझ्या राणीला बघून ‘आकडा नियमात होता’ म्हणाली तिचा. गेली. छान सांभाळली होती मी.

आईचा रोज फोन येतो मावशींना. आई त्यांना ताई म्हणते. तुमचे उपकार कसे फेडू म्हणते.

२ फेब्रुवारी

साहेब आले. फळं घेऊन. दारातच उभे राहिले, नाकाला रुमाल. एका लॉटचा दाखला अडकला होता, नवी मुलगी यायला वेळ आहे. मी मान हलवली. नाही. नाही. मान तशीही हलतेच. ते म्हणाले, हो म्हणताहेत.

हातात त्यांचं पेन राहीना. मग शाईचं पॅड काढलं त्यांनी खिशातून. आणलंच होतं.

अंगठा.

बाबा, अंगठा घेतला हो माझा.

नवी मुलगी येणार. वर, माझ्या खोलीत. ती सही करील. मावशी तिला विचारतील. आणि मला वाटलं — ती बिनधास्त म्हणू दे. तिला वाढू दे. मी इथे, ती का नको? हे मला वाटलं. माझ्याच मनात आलं हे. जे अंगात साठतं ते नुसता पारा नाही.

९ फेब्रुवारी

ताई येते आहे. मला बघायला. मावशींनीच बोलावलं. बाळंत होईपर्यंत राहा म्हणाल्या, दोघींना सांभाळते. आई रडली म्हणे. आनंदाने.

डबे तिने अजून फोडले नव्हते. एकटीने कशाला, तुझ्याबरोबर खाईन म्हणाली. सगळे घेऊन येते आहे.

बाळ अजून स्वच्छ आहे. स्वच्छ.

१० फेब्रुवारी

मावशी खाटेशी बसून काहीतरी गुंडाळत होत्या. पिवळी चिंधी. चमचा केवढासा. बोटाएवढा. बाळाला पहिला घास भरवतात तेवढा.

राणीने तो पाहिला. राणी रडायला लागली. आवाज न करता. तिला कळतं. सगळं कळतं तिला.

मावशींनी तिच्याकडे पाठ केली. गुंडाळत राहिल्या.

१२ फेब्रुवारी

आली. दार वाजलं. ताईचं हसू. भिंतीच्या पलीकडेच —

ओरडले. राणीसारखा आवाज निघतो. मॅडमसारखा. तीन आवाज. मावशी ताईला सांगताहेत, घाबरू नकोस, माझी पोर आहे. तुझी बहीण झोपली आहे आत्ताच, आधी दोन घास खाऊन घे, दोन जिवांची तू.

तवा. वास.

ताई म्हणते, अहो केवढा तुकडा! मावशी म्हणतात, तुझ्या बहिणीचा वाटा. तिच्या अंगठ्याने पास झाला.

खाटेवरून खाली आले. पडले. वही आहे. पेन आहे. दाराच्या फटीतून पान सरकवीन. फट आहे.

ताई विचारते — मावशी, या दिवसांत चालतं ना हे —

उलथनं वाजलं.

मावशी म्हणतात, मला काय कळतंय. मला वाचता येत नाही. हा घे तुझाच डबा. यावर तुझ्या बहिणीची सही आहे ना? तूच वाच.

ताई वाचते. माझं नाव. मोठ्याने. अख्खं. अभिमानाने वाचते —

खुर्ची ओढली

मोठी अक्षरं. मोठी. ताई. ताई ही सही खो